आकाशावर आळ

पाऊस वेळेवर पडला नाही म्हणजे खेडोपाडी एक वाक्य हटकून कानी येते : "नक्षत्रेच फिरली." पारावर, पाणवठ्यावर, एस.टी.च्या थांब्यावर, जेथे चार माणसे जमतील तेथे ते निघते. बोलणारा सहज बोलतो, ऐकणारा मान डोलावतो, आणि विषय तेथेच संपतो. परंतु वाचकहो, हे वाक्य दिसते तितके निरुपद्रवी नाही. तो एक आरोप आहे, आणि ज्याच्यावर केला त्यास उत्तर देता येत नाही असा आरोप आहे. शेजाऱ्याविषयी खोटी साक्ष देऊ नये, हे आपणांस लहानपणापासून शिकविलेले आहे. आता प्रश्न असा की, ज्यास जीभ नाही त्या आकाशाविषयी खोटी साक्ष देणे हा दोष होय की नाही? आणि होत असेल, तर त्या दोषाची झळ कोणास लागते? कारण आकाशाचे तर आपल्या बोलण्याने काहीच बिघडत नाही.

या प्रश्नाचा विचार करावयाचा तर प्रथम आरोपी कोण आहे हे पाहिले पाहिजे. आणि पाहिले पाहिजे म्हणजे खरोखरच मान वर करून पाहिले पाहिजे. पौष-माघाच्या थंडीत, जेवणवेळ आटोपल्यावर, अंगणात उभे राहून पूर्वेकडे व दक्षिणेकडे दृष्टी टाकावी. चार कोपऱ्यांचे चार तारे, मध्ये एका ओळीत तीन तारे, हा मृग. त्याच्या पाठीमागे निळसर-पांढरा, डोळ्यांत भरणारा तो व्याध. मृगाच्या वरच्या अंगास तांबूस रोहिणी, आणि तिच्यापलीकडे कृत्तिकांचा लहानसा पुंजका. हा देखावा मी कित्येक हिवाळे पाहत आलो आहे, आणि दर वर्षी मनास एकच गोष्ट जाणवते : येथे कोणी उशीर करीत नाही. वैशाखात हाच मृग मावळतीच्या उजेडात बुडत जातो आणि मग काही आठवडे दिसेनासा होतो. पुढे आषाढ-श्रावणात, ढगांनी वाट दिली तर, तो पहाटे पूर्वेस पुन्हा उभा राहतो.

येथे एक गंमतीची गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्यास आपण मृगाचा पाऊस म्हणतो तो पडतो तेव्हा मृग आकाशात रात्री मुळीच दिसत नाही. कारण 'मृग लागला' याचा अर्थच असा की, सूर्य त्या तारकांच्या जागी गेला, आणि त्या दिवसा उगवून दिवसाच मावळू लागल्या. सूर्याचा हा मृगप्रवेश ७ किंवा ८ जूनच्या सुमारास होतो. वर्षाच्या वाटेवर सत्तावीस नक्षत्रे, प्रत्येकात सूर्याचा मुक्काम तेरा-चौदा दिवसांचा. त्यांपैकी मृगापासून हस्तापर्यंतची नऊ ही पावसाची धरलेली. म्हणजे नक्षत्र हा आपल्या बापजाद्यांचा पंचांगावर कोरलेला दिनदर्शक होय. घड्याळाच्या काट्यावर जसे बारा आकडे, तसे सूर्याच्या वाटेवर हे सत्तावीस आकडे. आता बारा वाजले म्हणजे शाळेची घंटा होते हे खरे. परंतु बाराचा आकडा घंटा वाजवीत नाही. गुरुजी उशिरा आले व घंटा झाली नाही, तर त्याबद्दल घड्याळास कोणी दोष देत नाही.

पाऊस नक्षत्र पाडीत नाही, याचा पुरावा दूर शोधावयास नको. एकाच दिवशी, एकाच घटकेस मृग महाबळेश्वरावरही लागतो आणि अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यावरही लागतो. दोहोंमधील अंतर सरळ रेषेने दोनशे किलोमीटरांच्या आतले. तरी महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, आणि आमच्या या कोरड्या पठारावर पाच-सहाशे मिलिमीटर झाला तरी लोक समाधान मानतात. नक्षत्र एक आणि पाऊस दहापट वेगळा, हे कसे? तर पाऊस आकाशातील तारकांकडून येत नाही, समुद्राकडून येतो. उन्हाळ्यात भूमी तापते, तिच्यावरील हवा हलकी होऊन वर चढते, आणि तिची जागा घेण्यास समुद्रावरून ओले वारे धावतात. ते सह्याद्रीला अडून तेथेच आपला बहुतेक भार उतरवतात, आणि घाट चढून आपल्याकडे येतात तेव्हा त्यांची पखाल बरीचशी रिती झालेली असते. व्याधाचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचावयास सुमारे साडेआठ वर्षे लागतात. इतक्या दूरच्याने आपल्या शेतावर मेहेरबानी करावी किंवा रुसावे, हे संभवत नाही.

तथापि कोणी चिकित्सक मनुष्य म्हणेल, "नक्षत्रे पाऊस पाडीत नाहीत हे मान्य, पण ती काळाची खूण तर आहेत ना? ती खूणच सरकली असेल, म्हणून मेळ चुकत असेल." हा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर असे की, खूण सरकते, हे खरे आहे. भोवरा फिरता फिरता जसा डुलतो तशी आपली पृथ्वीही अतिशय संथपणे डुलते. त्या एका डुलण्यास सुमारे २६,००० वर्षे लागतात. यालाच ज्योतिषी अयनचलन म्हणतात. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा मोठा मराठी ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला, त्यातही या विषयाचा विचार आहे. या चलनामुळे नक्षत्रांचा काळ ऋतूंच्या मानाने पुढे सरकतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी, मकरसंक्रांतीच्या दिवशी झाला, हे प्रसिद्ध आहे. आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीस येते. दीडशेहून अधिक वर्षांत दोन-तीन दिवस! म्हणजे सत्तर-बहात्तर वर्षांस एक दिवस. जो वृद्ध मनुष्य आज सत्तरीचा आहे, त्याच्या उभ्या आयुष्यात मृग ऋतूंच्या मानाने अवघा एक दिवस ढळला. आणि पाऊस? तो याच आयुष्यात किती ढळला हे त्या वृद्धालाच विचारावे.

विचारले तर तो काय सांगेल, आणि मोजमाप ठेवणारे काय सांगतात, हे दोन्ही ताडून पाहणे उचित आहे. आपल्या देशात पावसाची मोजणी काही कालची नाही. मुंबईस कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली उभी राहिली, आणि सबंध देशाचे हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. पिढ्यान् पिढ्या कोणी ना कोणी रोज सकाळी पर्जन्यमापकातील पाणी मोजून वहीत आकडा लिहीत आला आहे. या नोंदींच्या आधारे २०२० साली हवामान खात्याने मोसमी पावसाच्या येण्याजाण्याच्या ठरीव तारखा नव्याने बांधल्या. मुंबईस पाऊस येण्याची तारीख १० जूनची ११ जून झाली. पण वायव्य राजस्थानातून पाऊस माघारी फिरू लागण्याची तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर गेली. येण्यात फरक थोडा, जाण्यात पंधरवड्याहून अधिक! पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या, मात्र त्याच काळात तेथील पावसाची एकंदर बेरीज वाढली नाही, उलट घटली. म्हणजे पाऊस येतो तो धो धो येतो, आणि मध्ये दिवसच्या दिवस पाठ फिरवून बसतो.

ही गोष्ट आकड्यांतून कळण्यापूर्वी शेतकऱ्यास त्याच्या अंगणातच कळलेली असते. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराची तहान भागविण्यास मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. त्याच मराठवाड्यात सप्टेंबर २०२५ मध्ये इतका पाऊस कोसळला की नद्यांनी पिके तर नेलीच, पण शेतातील मातीही खरडून नेली. एकाच प्रदेशाने दहा वर्षांच्या आत आगगाडीचे पाणीही पाहिले आणि पुराचेही पाहिले. त्याच २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजी मुंबईत येऊन थडकला. पाऊणशे वर्षांत इतक्या लवकर तो आला नव्हता. मृग लागावयास अजून बारा-तेरा दिवस होते! आणि आला तो आला, पुढे दोन आठवड्यांहून अधिक काळ जागच्या जागी अडखळून राहिला. रोहिणीतच ओल पाहून ज्याने पेरणी उरकली त्याची त्या दिवसांत काय अवस्था झाली असेल, हे दुबार पेरणीचे बियाणे उधारीवर आणणाऱ्यास सांगावे लागत नाही.

तेव्हा बदल झाला आहे, ही वृद्धाची साक्ष खरी. परंतु तो नक्षत्रांनी केला, हा त्याने काढलेला निष्कर्ष खरा नव्हे. मग कोणी केला? येथे दुसरा एक आरोपी पुढे आणला जातो, आणि तो आरोप पहिल्याहून फार वाईट आहे. कोणी म्हणतात, "गावात पाप वाढले, म्हणून देवाने पाऊस आखडला." या बोलण्यात भक्तीचा वास येतो खरा, पण परिणाम पाहा. देवाचा कोप म्हटला की कोपाचे कारण शोधणे आले, आणि कारण शोधू लागले की बोट नेहमी दुबळ्याकडेच वळते : एकटी राहणारी विधवा, गावाबाहेरची वस्ती, चालीरीत निराळी असलेले एखादे घर. सावकाराच्या वाड्याकडे किंवा पाटलाच्या मळ्याकडे ते बोट गेल्याचे कोणी पाहिले आहे काय? अवर्षणात जो आधीच उपाशी, त्यालाच अवर्षणाचा अपराधी ठरविणे, याहून निर्दय न्याय कोणता? ज्याने सूर्य व पाऊस सज्जन-दुर्जन न पाहता सर्वांवर सोडला आहे असे आपण मानतो, त्याच्या नावाने असा न्याय करणे हे तर आणखीच अनुचित. आकाशावर घातलेला आळ आकाशास लागत नाही, तो खाली येतो आणि शेजाऱ्याच्या डोक्यावर पडतो. प्रारंभी विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हे होय.

आता खऱ्या कारणाकडे वळू. ते समजण्यास एक अनुभव पुरे आहे, आणि तो प्रत्येक खेडुताच्या पदरी आहे. हिवाळ्यात आकाश निरभ्र असले, तारे लखलखीत दिसत असले, म्हणजे पहाटे हाडे गोठविणारी थंडी पडते. त्याच महिन्यात आभाळ भरून आले तर रात्र उबदार जाते, आणि घोंगडी पायाशी लोटावी लागते. असे का? दिवसा सूर्याने तापविलेली भूमी रात्री आपली ऊब आकाशाकडे सोडीत असते. ढग व हवेतील वाफ ती ऊब अडवून धरतात. त्या भूमीवर पांघरूण होतात. जसा वाफेचा हा गुण, तसाच कोळसा जळताना निघणाऱ्या कार्बन वायूचाही आहे. अमेरिकेतील युनिस फूट या बाईने १८५६ साली काचेच्या नळकांड्यांत निरनिराळ्या हवा भरून उन्हात ठेवल्या, तेव्हा हा वायू भरलेले नळकांडे अधिक तापले असे तिला आढळले. जॉन टिंडल याने १८५९ साली हे वायू उष्णता कशी अडवितात ते मोजून दाखविले. स्वीडनमधील आऱ्हेनियस याने १८९६ साली गणित मांडले की, हवेतील या वायूचे प्रमाण वाढले तर सबंध पृथ्वी तापेल. म्हणजे हे ज्ञान आजच्या वर्तमानपत्रांनी उठविलेली आवई नव्हे; त्याचे वय दीडशे वर्षांहून अधिक आहे.

परंतु तो वायू खरोखर वाढत आहे काय, हे कोणी तरी बसून मोजल्यावाचून कसे कळणार? चार्ल्स कीलिंग नावाच्या अमेरिकन मनुष्याने १९५८ च्या मार्चमध्ये हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर ही मोजणी सुरू केली. तेव्हा हवेच्या दहा लक्ष भागांत हा वायू सुमारे ३१५ भाग होता. कीलिंग २००५ साली वारला, पण मोजणी थांबली नाही. आज ते प्रमाण ४२० च्या वर गेले आहे. या नोंदींत एक हृदयंगम गोष्ट दिसते. दर वर्षी उत्तरेकडील झाडांना पालवी फुटली म्हणजे आकडा थोडा उतरतो, आणि पानगळीनंतर पुन्हा चढतो. जणू पृथ्वी वर्षातून एकदा श्वास घेते आणि सोडते. पण प्रत्येक वर्षीचा श्वास मागील वर्षीपेक्षा वरच्या पायरीवर असतो. हा वाढीव वायू बहुतांशी दगडी कोळसा व खनिज तेल यांचाच, हेही सिद्ध झाले आहे. कारण लक्षावधी वर्षे जमिनीत गाडलेल्या कार्बनची खूण ताज्या झाडाच्या कार्बनहून निराळी असते आणि ती हवेत ओळखता येते. सूर्यच अधिक तापला असेल, अशी शंका कोणास येईल. तर १९७८ पासून कृत्रिम उपग्रह सूर्याची उष्णता मोजीत आहेत आणि ती वाढत चालल्याचे आढळले नाही. सूर्यही सुटला, नक्षत्रेही सुटली. २०२४ या वर्षी पृथ्वीचे सरासरी तापमान १८५० ते १९०० या काळाच्या मानाने सुमारे दीड अंशाने अधिक भरले. तापलेली हवा अधिक वाफ धरून ठेवते, दर अंशास सुमारे सात टक्के. म्हणून ती उशिरा रिती होते, आणि रिती होते तेव्हा एकदम होते. शेतकऱ्यास जाणवलेल्या लांब उघडिपीचा आणि धो धो पावसाचा उगम येथे आहे.

येथपर्यंत आलो म्हणजे मनात एक कडवट प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हा कोळसा जाळला कोणी? अमेरिकेतील एक मनुष्य वर्षाकाठी सरासरीने सुमारे चौदा टन कार्बन वायू हवेत सोडतो. हिंदुस्थानातील मनुष्य सुमारे दोन टन. आणि त्या दोन टनांतही शहरातील वातानुकूलित बंगल्याचा वाटा किती व कोरडवाहू शेतकऱ्याच्या झोपडीचा किती, हे सांगावयास नको. म्हणजे ज्याने सर्वांत थोडे केले तोच सर्वांत आधी व सर्वांत अधिक सोसतो आहे. मग तो म्हणेल, "अपराध दुसऱ्याचा, मी काय म्हणून काही करावे?"

या बोलण्यात अर्धे सत्य आहे, आणि तेवढे पूर्णपणे कबूल केले पाहिजे. गरिबाने या गोष्टीचे पाप आपल्या माथी घेऊ नये. ज्यांनी लाभ घेतला त्यांजकडे त्याने आपला न्याय मागावा. तो भीक नव्हे, हक्क होय. पण अपराध नाही म्हणून कर्तव्यही नाही, हे मात्र खरे नव्हे. शेजाऱ्याच्या घरास आग लागली आणि ती आपण लावलेली नाही, तरी बादली आपणच उचलतो. कोणी लावली याची चौकशी होईलच, व्हावयासही पाहिजे. परंतु चौकशी पुरी होईपर्यंत शेजाऱ्याची मुले आत ठेवता येत नाहीत.

आणि आणखी एक गोष्ट. अलीकडे एक तिसरा आळ निघाला आहे, आणि तो ऐकावयास फार शहाणपणाचा वाटतो. विहीर आटली, "हवामान बदलले." झरा बंद पडला, "हवामान बदलले." हे नेहमी खरे असतेच असे नाही. पाऊस सरासरीइतका पडूनही विहीर आटते, तेव्हा शेजारच्या शेतात शेकडो फूट खोल गेलेली कूपनलिका आणि दुष्काळी मुलखात वर्षभर उभा असलेला ऊस यांचाही हिशेब मांडला पाहिजे. जे आपल्या हाताने घडले ते हवामानाच्या खात्यावर टाकणे, हीही खोटी साक्षच होय, नक्षत्रांच्या जागी फक्त नवा शब्द आला एवढेच. दूरच्याचा अपराध दूरच्याचा, जवळच्याचा तो जवळच्याचा. दोन्ही खाती निराळी ठेवली तरच हिशेब सरळ राहतो.

असा सरळ हिशेब ठेवणारे गाव आपल्याच जिल्ह्यात आहे. हिवरे बाजार हे नगर तालुक्यातील गाव एकेकाळी दुष्काळाने व स्थलांतराने ओस पडत चालले होते. १९८९ साली पोपटराव पवार तेथे सरपंच झाले, आणि गावाने डोंगरउतारावर चर खणले, झाडे राखली, पाणी अडविले. ही कामे पुष्कळांस ठाऊक आहेत. परंतु मला त्यांहून महत्त्वाचे वाटते ते तेथील मोजणे. गाव पाऊस मोजते, विहिरींची पातळी मोजते, आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडून मग त्या वर्षी कोणती पिके घ्यावयाची ते ठरवते. आधी माणसांचे व जनावरांचे पाणी, मग शेतीचे. शेतीसाठी कूपनलिका खणावयाची नाही, हा गावाने स्वतःवर घालून घेतलेला नियम आहे. आकडा सर्वांसमोर असला म्हणजे बलिष्ठास अधिक उपसण्यास आणि दुबळ्यास उगाच संशय घेण्यास जागा राहत नाही. निरीक्षणातून न्याय निघतो तो असा.

कोणी हळवा मनुष्य म्हणेल, "नक्षत्रांवरचा जुना विश्वास काढून घेतला तर म्हाताऱ्या शेतकऱ्यास आधार काय उरला?" ही हरकत मला क्षुल्लक वाटत नाही. उत्तरा बरसल्या तर पीक अमाप, हस्ताच्या पावसाने भिंती ढासळतात, अशा म्हणींवर ज्याने आयुष्यभर नांगर धरला, त्याची थट्टा करणारा मनुष्य मूर्ख होय. परंतु ते ठोकताळे मूळ आले कोठून? कोणी तरी वर्षानुवर्षे आकाश पाहिले, ढग पाहिले, पीक पाहिले, आणि तिन्हींचा मेळ घालून ते सांगून ठेवले. वहीवाचून, केवळ स्मरणावर! पूर्वजांचा आदर करावयाचा तर त्यांची वाक्ये घोकून भागणार नाही. त्यांची पाहण्याची सवय पुढे चालविली पाहिजे. त्यांनी त्यांच्या काळाची खरी साक्ष दिली. आपण आपल्या काळाची खरी साक्ष देत नसू आणि त्यांचीच पुन्हा पुन्हा उच्चारीत असू, तर आपण त्यांचे वारस कसले?

दुर्दैवाने ही पाहण्याची सवयच आता मोडत चालली आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय नकाशावरून असे दिसले की, जगातील तीन माणसांपैकी एकास आपल्या राहत्या जागेहून आकाशगंगा दिसतच नाही, इतका कृत्रिम उजेड वाढला आहे. खेडीही यातून सुटलेली नाहीत. देवळाच्या शिखरापासून ग्रामपंचायतीच्या खांबापर्यंत रात्रभर पांढरा झगझगाट असतो. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या बाजूस पावसाळ्याच्या तोंडी काजव्यांनी झाडे पेटल्यासारखी दिसतात. ते पाहावयास येणाऱ्यांच्या मोटारींचे दिवेच त्यांच्या खेळात विघ्न आणतात. उलट पक्षी, विदर्भातील पेंच व्याघ्रप्रकल्पास जानेवारी २०२४ मध्ये अंधाऱ्या आकाशाचे उद्यान म्हणून मान्यता मिळाली, आणि तेथील खेड्यांतील दिवे खाली तोंड करून लावण्यात आले. उजेड वाटेवर पडावा, आकाशात नव्हे, एवढेच त्यातले तत्त्व. आणि ते कोणत्याही गावास परवडण्यासारखे आहे. हे मी केवळ शोभेसाठी लिहीत नाही. ज्याने मृग डोळ्यांनी पाहिला नाही त्यास मृग फिरला म्हणून कोणीही सांगावे आणि त्याने मानावे. पाहणे सुटले की ऐकीव गोष्टीचे राज्य सुरू होते.

यास्तव माझी वाचकांस, विशेषतः गावोगाव फिरणाऱ्या उपदेशकांस व शाळेच्या शिक्षकांस, एक साधी विनंती आहे. एक वही घालावी. तीत प्रतिवर्षी या गोष्टी तारीखवार लिहाव्या : बहावा कधी फुलला, पावशाने पहिली साद कधी घातली, पहिला पेरणीजोगा पाऊस कधी झाला, मध्ये किती दिवसांची उघडीप पडली, शेवटचा पाऊस कधी पडला, आणि गावच्या विहिरीत पाणी किती हातांवर आहे. सरळ बाजूंचे एखादे भांडे उघड्यावर ठेवून, त्यात साचलेले पाणी रोज एकाच वेळी पट्टीने मोजले तर तेवढाही पर्जन्यमापक आरंभास पुरे. एका वर्षाच्या नोंदीने काही सिद्ध होणार नाही. एक उन्हाळा कडक गेला म्हणून जग बुडाले असे नव्हे, आणि एक पावसाळा चांगला गेला म्हणून सर्व निवळले असेही नव्हे. दहा वर्षांनी मात्र ती वही बोलू लागेल. पेरणीची घाई करू नये हे ती तरुणास सांगेल; नुकसानभरपाई मागताना ती गावाच्या बाजूने साक्ष देईल; आणि कोणी एखाद्या गरीब बाईकडे बोट दाखवू लागला, तर ते बोट खाली करावयास लावील.

अशा वहीने पाऊस येणार नाही, हे उघड आहे. दूरच्या धुराड्याही तिने थांबणार नाहीत. पण सत्य बोलण्याचे कर्तव्य त्याच्या फळावर अवलंबून नसते. कचेरीत साक्षीस उभा राहिलेला मनुष्य निकाल काय लागेल हे जाणत नाही. जे पाहिले ते सांगणे एवढेच त्याच्या हाती असते, आणि तेवढ्यावरच निरपराध्याची सुटका व अपराध्याची ओळख अवलंबून असते. आकाश निरपराध आहे. ते आपल्या वेळा पाळीत आहे, आणि या पौषातही मृग ठरल्या घटकेस पूर्वेस उगवेल. बिघाड खाली आहे, माणसांत आहे. आणि जे माणसांनी बिघडविले ते सुधारण्याची आशाही, म्हणूनच, माणसांपाशी धरता येते. नक्षत्रे खरोखर फिरली असती तर आपल्या हाती काहीच उरले नसते.